रविवारचा साडेचारचा राहू

माझ्या थोरल्या दिरांइतका हट्टी माणूस म्हैसूर संस्थानात झाला नाही, आणि संस्थान जाऊन राज्य आलं तेव्हा राज्यातही झाला नाही. चामराजपेटेत त्यांना सगळे अण्णा म्हणत. घरचे, दारचे, दूधवाला, कोपऱ्यावरचा हजाम, सगळ्यांचेच ते अण्णा. मी भावजी म्हणे. ते मला मास्तरीणबाई म्हणत, कारण मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे आणि धाकट्या भावजयीला नावाने हाक मारायची नाही अशी आमच्या घराण्याची रीत होती. हे घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आलं, असं आमच्याकडे प्रत्येक नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात ऐकवत. भावजींच्या मते ती घोडदौड अजून संपलेली नव्हती. फक्त घोडे बदलले होते.

त्यांचा घोडा म्हणजे लढाईनंतर लष्करी सामानाच्या लिलावात घेतलेली मोटरसायकल. रंग शेवाळी, आवाज गिरणीचा, आणि डाव्या अंगाला जोडलेली साइडकार. शेजारच्या बाया तिला तोट्टिलु म्हणत, म्हणजे पाळणा, आणि मग आम्हीही पाळणाच म्हणू लागलो. ही गाडी ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली आहे अशी भावजींची खात्री होती. तिच्यावरच्या प्रत्येक पोच्याची एक लढाई होती, आणि ऐकणारा नवा असला तर लढाई लांबत असे. पाळण्यात म्हणे मशीनगन बसवलेली असायची. आता त्या जागी मी बसत असे, मांडीवर चित्रान्नाचा डबा, पायाशी दहीभात आणि कोडबळी. भावजींना या बदलात काही कमी झाल्यासारखं वाटत नसे. पाहुण्यांना ते सांगत, ‘‘तोफखाना अजून आहे.’’

चिकपेटेत त्यांचं नट-बोल्टचं दुकान होतं. सहा दिवस ते दुकानात बसत, आणि शनिवारी संध्याकाळपासून माणसात नसत. शनिवारी गाडीला चिंच आणि राख लावून पितळी भाग उजळायचे, साखळीला तेल पाजायचं, आणि त्या तेलाच्या हातांनी माझ्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उद्याचा मार्ग सांगायचा. मार्ग कोणी विचारलेला नसे. रविवारी सकाळी सहाला आमच्या गल्लीत चार मोटरसायकली उभ्या राहत. पहिली भावजींची. दुसरी आमच्या ह्यांची. तिसरी भाच्याची, हा भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, बँकेत कारकून, तीस वर्षांचा घोडा, पण मामापुढे अजून पाढे म्हणणारा. चौथी शेजारच्या कंपाउंडरांची. ते कानडी, अबोल, आणि खिशात कायम आयोडीनची बाटली.

हा क्रम वयाचा होता आणि तो रस्त्यावरही तसाच राहायचा. वडील माणसाला मागे टाकून पुढे जायचं नाही. घरात पंगतीला, देवळात तीर्थाला, तसंच म्हैसूर रस्त्यावर. भावजी ताशी वीस मैलांच्या वर जात नसत, म्हणून मागचे तिघेही वीसच मैलांनी जात. मागून बस यायची, भोंगा वाजवायची, ड्रायव्हर कानडीत आमच्या पूर्वजांची चौकशी करून पुढे निघून जायचा. एकदा कनकपुऱ्याच्या वाटेवर भावजी चुकीच्या फाट्याला वळले. मागच्या तिघांनाही ते कळलं होतं. तिघेही सरळ त्यांच्यामागे सात मैल गेले आणि एका विटांच्या भट्टीत रस्ता संपला तेव्हा तिघांनीही इंजिनं बंद केली. मी ह्यांना विचारलं की तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत. हे म्हणाले, अण्णांना ओलांडल्याशिवाय सांगणार कसं? भट्टीचा मालक मोठ्या आशेने पुढे आला होता. त्याला वाटलं, एवढी माणसं विटा घ्यायलाच आली असणार. भावजींनी तासभर भट्टी पाहिली आणि परत येताना सर्वांना सांगितलं की भट्टी दाखवायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं.

माझी बसण्याची जागा पाळण्यात का, याचाही एक नियम होता. पाळण्यात मुकं ओझं ठेवलं की गाडी एका अंगाला ओढते, आणि बोलतं ओझं ठेवलं की सरळ चालते, असं त्यांचं यंत्रशास्त्र. मला वाटे, चित्रान्न सांडू नये म्हणून मला बसवतात. शिवाय कामही असे. रस्त्याकडेचा प्रत्येक मैलाचा दगड मी मोठ्याने वाचायचा. ‘‘मास्तरीणबाई, मैल?’’ की मी ओरडायचं, ‘‘अठरा.’’ डाव्या अंगाला गुरं आली, शेळ्या आल्या, कोणी रागी वाळत घातलेली आली, तेही सांगायचं. मी एकदा म्हटलं, तुमचे डोळे काय गहाण पडलेत? त्यावर ते म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त, लष्करात असंच असतं. लष्कराशी त्यांचा संबंध लिलावापुरता होता.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे राहुकाळ. पुण्यामुंबईकडच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्या बेंगळुरात राहुकाळ हे प्रकरण फार मोठं आहे. दररोज दीड तास राहूचा; त्यात नवं काम सुरू करायचं नाही, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, निघालेला माणूस मात्र चालत राहिला तर दोष नाही. रविवारी हा काळ दुपारी साडेचार ते सहा. आमच्या घरात सासऱ्यांपासून कोणी तो फारसा मानत नव्हतं. आणि अचानक एका वर्षी, चाळिशी उलटल्यावर, भावजी मानू लागले. साडेचारच्या आत चारही गाड्या घरी. का, तर राहू. बिडदीला उसाचा रस प्यायला थांबू म्हटलं की राहू. केंगेरीला भाच्याच्या सासरी पाच मिनिटं डोकावू म्हटलं की राहू. दुपारी जेवण घशाखाली उतरायच्या आत घड्याळ बाहेर.

भाचा मूळचा शंकेखोर. त्याने विचारलं, अण्णा, समजा वाटेतच साडेचार वाजले तर? भावजींना गप्प बसणं जमत नसे, म्हणून त्यांनी शास्त्र पूर्ण करून टाकलं. इंजिन चालू असेल तर चालत राहायचं. पण साडेचारनंतर जर का बंद पडलं, तर पुन्हा किक मारणं म्हणजे नवा प्रवास सुरू करणं. सहा वाजेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ‘‘सरी, अण्णा,’’ म्हणजे बरं अण्णा, असं म्हणून भाच्याने ते डोक्यात कोरून ठेवलं. बँकेतला माणूस, नियम मिळाला की सुखी.

मी गणिताची बाई. मला ह्यात गडबड दिसत होती. सोमवारी राहुकाळ सकाळी साडेसात ते नऊ, आणि भावजी सोमवारी आठाच्या ठोक्याला दुकानाचं कुलूप काढत. हे मी एकदा चारचौघांत बोलून दाखवलं. भावजी जराही न अडखळता म्हणाले, ‘‘दुकान नवं काम नव्हे, मास्तरीणबाई. ते आमच्या वडिलांनी सुरू केलंय.’’ आमचे हे हसले, भाच्याने मान डोलावली, आणि मी मनात नोंद केली की या माणसाचा राहू सोयीचा आहे. सोय कसली ते मात्र मला कळलं नाही. मला वाटलं, संध्याकाळी दुकानाचे मित्र येतात, पत्ते पडतात, त्यासाठी हे. दुसरी एक गोष्टही माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होती. संध्याकाळ झाली की पडवीतल्या स्टुलाला भावजींचा पाय लागायचाच, आणि स्टूल दहा वर्षं त्याच जागी असताना ते विचारत, हे इथे कोणी आणून ठेवलं? मी त्याला खोड समजत होते. तेवीस वर्षं मुलींच्या वह्यांतल्या चुका शोधणारी बाई मी.

तो रविवार मार्गशीर्षातला. चन्नपट्टणच्या अलीकडे कण्वाचं धरण आहे, तिथे गेलो होतो. जाताना सगळं ठीक. जेवणं झाली, एक वाजला, भावजींनी घड्याळ काढलं, आणि तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला एक शेतकरी हात जोडत आला. पंपाचं इंजिन तीन दिवस बंद होतं, केळी वाळत होती, चन्नपट्टणचा मेस्त्री लग्नाला गेला होता. भावजींनी घड्याळाकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि घड्याळ खिशात टाकलं. जगात त्यांना राहूपेक्षा प्रिय एकच गोष्ट होती, बंद पडलेलं इंजिन. ते ओट्यावर बसले, भाग सुटे करून फडक्यावर मांडले, आणि कामाला लागले ते डोळे मिटून. हे त्यांचं नेहमीचंच. बोटांनी चाचपायचं, कान लावायचा, डोळे मिटलेले. बघणारी खेडूत मंडळी चाट पडायची आणि आम्ही घरची मंडळी म्हणायचो, झालं यांचं नाटक सुरू. अडीच तासांनी पंप धडधडला, पाटात पाणी आलं, शेतकऱ्याने केळीचा एक अख्खा घड आणून पाळण्यात ठेवला, म्हणजे माझ्या मांडीवर. भावजींनी घड्याळ काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

तिथून त्यांनी गाडी अशी काढली की पंचवीस मैलांचा वेग मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवला. रामनगर मागे पडलं. बिडदीजवळ रेल्वेचं फाटक होतं आणि ते बंद होतं. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं. चौघांनी इंजिनं चालू ठेवली, कारण शास्त्र तसं होतं. आगगाडी काही येईना. फाटकवाला बिडी ओढत बसला होता. भावजींची गाडी तापलेली होतीच. ती जागच्या जागी धडधडत राहिली, मग खोकली, मग दोनदा शिंकली आणि बंद पडली. चार वाजून पस्तीस मिनिटं.

भाच्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. वाईट वाटण्याचा त्याने प्रयत्न केला, पण नियम अखेर लागू पडल्याचा आनंद त्याला लपवता येईना. ‘‘अण्णा,’’ तो म्हणाला, ‘‘राहू लागला.’’

आणि त्याने आपलं इंजिन बंद केलं. वडील माणूस थांबलेला असताना पुढे जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ह्यांनी बंद केलं, कंपाउंडरांनी बंद केलं. भावजी म्हणाले की फाटकापाशी थांबणं हे खरं तर थांबणं धरत नाहीत. भाचा म्हणाला, अण्णा, तुम्हीच सांगितलं होतं. भावजी म्हणाले, इंजिन तापून बंद पडलं तर तो दोष यंत्राचा. भाचा म्हणाला, राहूला यंत्र काय नि माणूस काय. चार वर्षं घासून धार लावलेलं शास्त्र आता त्यांच्याच गळ्याला लागलं होतं, आणि मला, खरं सांगते, मोठी मौज वाटली. हवा गार होती, सहापर्यंत बसायचं तर बसू. ह्यांनी चटई अंथरली, कंपाउंडरांनी पत्ते काढले, आगगाडी येऊन गेली, फाटक उघडलं, बैलगाड्या आमच्याकडे बघत निघून गेल्या.

भावजी पत्त्यांना बसले नाहीत. ते लांब एका मैलाच्या दगडावर जाऊन बसले आणि गॉगल पुसू लागले. पुसून झाला की पुन्हा पुसायचा. मी केळी घेऊन गेले, म्हटलं, खा, आणि कबूल करा की तुमचा राहू बोगस आहे. त्यांनी केळं घेतलं आणि ते हातातच राहिलं.  

‘‘सहाला निघालो तर केंगेरीच्या आधीच काळोख होईल,’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, होऊ दे, गाडीला दिवा आहे की.

‘‘दिव्याचा उजेड गाडीला दिसतो, मास्तरीणबाई. मला नाही.’’

मग ते रस्त्याकडे तोंड करून, दुसऱ्या कोणाची तक्रार सांगावी तसं सांगत गेले. चार वर्षं झाली. दिवस कलला की डोळ्यांवर पडदा येतो. दिवसा समोरचं चांगलं दिसतं, बाजूचं दिसत नाही. मैलाचे दगड दिसत नाहीत, डावीकडची गुरं दिसत नाहीत. ‘‘पोरांना सांगू नका,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी काढून घेतील. मग रविवारी मी करू काय?’’

मला दया वगैरे आली नाही. मला राग आला. चार वर्षं मी त्या माणसाच्या डाव्या डोळ्याच्या जागी बसले होते आणि मला वाटत होतं की मी चित्रान्न सांभाळतेय. मी म्हटलं, उद्या काय करायचं ते उद्या बघू, आज उजेड आहे तोवर घर गाठायचं. पाच वाजायला दहा कमी होते. रस्ता तासाभराचा. मी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि गाडीच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिले.

भाचा पत्ते टाकून धावत आला. ‘‘मामी, बेडा, बेडा, नको. राहू आहे.’’

मी म्हटलं, राहुकाळात प्रवास सुरू करणाऱ्याला दोष लागतो ना? मग प्रवास मी सुरू करते. तुम्ही चौघे नुसते माझ्याबरोबर येताय. ‘‘आणि माझ्या पत्रिकेत राहू लग्नाच्या दिवसापासून ठाण मांडून बसलाय. त्याला यात नवं काही वाटणार नाही.’’ आमचे हे रुळांकडे बघू लागले. भाच्याने शास्त्रात शोधलं आणि मग चटई गुंडाळायला घेतली.

गाडी सुरू कशी करतात हे मी दर रविवारी, विचारलं नसताना, ऐकलेलं होतं. पेट्रोलचा नळ उघडायचा. इंजिन गरम असेल तर कार्ब्युरेटरच्या बटणाला हात लावायचा नाही. किक पायाने हळू दाबत न्यायची, अडेल तिथे थांबायचं, आणि मग सगळा जीव त्या पायात आणायचा. पहिली लाथ फुकट गेली. दुसऱ्या वेळी गाडीने मलाच उलट लाथ मारली आणि पोटरीत जाळ झाला. कंपाउंडरांनी आयोडीन बाहेर काढलं. तिसऱ्या वेळी ती ब्रह्मदेशची वीर पेटली. फाटकवाल्याने बिडी खाली ठेवली. ‘‘भेष, अक्का,’’ त्याने शाबासकी दिली.

मी पाळण्यात जाऊन बसले, केळी मांडीवर घेतली आणि भावजींना म्हटलं, पंचविसाच्या खाली आलात तर मी बोलायला लागेन. तशी मी बोलतच होते. बिडदीपासून चामराजपेटेपर्यंत मी एक क्षण तोंड मिटलं नाही. डावीकडे गाडी, डावीकडे म्हातारा, आता मोकळं, आता खड्डा. मागून येणाऱ्या ह्यांना वाटलं, माझं आणि अण्णांचं जोरदार भांडण चाललंय. गल्लीत शिरलो तेव्हा म्युनिसिपालटीचा माणूस दिव्याला काठी लावत होता. भावजींनी गाडी भिंतीला टेकवली, खाली उतरले, आणि पडवीत स्टुलाला अडखळले. या वेळी त्यांनी कोणी ठेवलं ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस, तो गोलमोल बोलला नाही. आतला पडदा वाळत चाललाय, चष्म्याने भागणार नाही, सावकाश जाईल पण जाईल. बाहेर आल्यावर मी भावजींना सांगितलं, पुढच्या रविवारी हँडल तुमच्या हातात दिसलं तर मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सगळ्यांना सांगेन. तुम्ही स्वतः सोडलंत तर कोणाला काही बोलणार नाही. ते टांग्यात बसले आणि चामराजपेट येईपर्यंत फक्त टांगेवाल्याशी बोलले. मला वाटलं, आता माझ्याशी जन्मात बोलायचे नाहीत.

रविवारी सहाला चार गाड्या रांगेत. भावजी गॉगल लावून बाहेर आले, सगळ्यांवर नजर फिरवली आणि भाषण केलं. पुढाऱ्याने स्वतः हाकायचं ही साहेबाची खोड. आपल्यात मोठा माणूस बसून जातो आणि हाकणारे दुसरे असतात. घराण्याची रीत आपणच मोडत आलो, आता सुधारली पाहिजे. एवढं बोलून ते पाळण्यात जाऊन बसले आणि हँडल भाच्याकडे दिलं. भाच्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, बढती मिळाली. मी ह्यांच्या मागे बसले आणि दहा वर्षं हे काय धूळ खात होते ते मला पहिल्यांदा कळलं. पुढून, इंजिनाच्या वर चढलेला आवाज येत होता, ‘‘भाचेबुवा, मैल?’’

असे ते आणखी सहा-सात वर्षं फिरले. शेवटी शेवटी त्यांना दिवसाही दिसत नसे, पण इंजिनाच्या आवाजावरून ते चढ ओळखत आणि वासावरून गाव. बिडदी आलं की उसाचा रस मागत, आता थांबायला त्यांची हरकत नसे. ते गेले तेही एका रविवारी सकाळी, गाडी पुसून तयार असताना. पाळणा आता काढून ठेवला आहे. मी त्यात कोळसा भरते, उगाच जागा कशाला अडवायची.

भाचा आता स्वतःच मामा झाला आहे. त्याच्यामागे त्याची भाचरं, पुतणे, त्यांचे मित्र, सात-आठ गाड्या असतात. रविवारी जेवण झालं की त्याचं घड्याळ बाहेर येतं आणि तो राहूचं शास्त्र सांगतो, शब्द न् शब्द मामाचे. पोरं कुरकुरतात, पण साडेचारच्या आत सगळी गल्लीत असतात. खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही. भावजींना शब्द दिला होता म्हणून नव्हे; पोरं उजेडात घरी येतात, ते बरंच आहे. फक्त रविवारी चारनंतर मी पडवीतलं स्टूल उचलून आत ठेवते. आता त्याला अडखळणारं कोणी उरलं नाही. तेव्हाची सवय आहे.